जुईचं जपानी

परीक्षा संपल्या की सोलापुरात दोन गोष्टी एकाच आठवड्यात येतात. सकाळी नऊलाच डोळे मिटायला लावणारं ऊन आणि विजेच्या खांबांवर टांगलेले उन्हाळी वर्गांचे फलक. पोहणे, चित्रकला, सुंदर हस्ताक्षर, वैदिक गणित, आणि त्या गर्दीत हवेत पाय उगारलेलं एखादं पोर, खाली ठळक अक्षरांत ‘कराटे’. परवा ऑफिसला जाताना भवानी पेठेतल्या चौकात मी स्कूटर थांबवून असा एक फलक अथपासून इतिपर्यंत वाचला. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून थकला, तरी वाचला. आता मला त्या फलकाशी काही कर्तव्य नाही. माझी मुलगी जुई यंदा दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालीय. पण हे फलक लागले की माझी छाती उगाच दोन इंच पुढे येते. या वयात पोट पुढे यायचं, तिथे छाती येतेय, त्यामुळे मी तक्रार करत नाही.

नऊ वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. माझी नुकतीच मंगळवेढ्याहून सोलापूरला बदली झाली होती. मी सरकारी कचेरीतला लिपिक, बायको सुवर्णा दवाखान्यात नर्स. दोन खोल्यांचं भाड्याचं घर. सुवर्णाला महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी, म्हणजे दिवसा ती झोपलेली. त्यामुळे आमच्या घरात सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द होता ‘हळू’. हळू बोल, भांडी हळू ठेव, दार हळू लाव, हळू हस. जुई हे सगळं इतकं मन लावून शिकली की तिचा आवाज घरातून आणि बाहेरूनही नाहीसा झाला. ती बोलायची तेव्हा समोरच्याला तिचे फक्त ओठ हललेले दिसायचे.

पहिलीच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी शेरा लिहिला होता, ‘मुलगी हुशार आहे, पण वर्गात ऐकू येत नाही.’ आम्ही दोघं नवराबायको शिकलेसवरलेले, तरी तिला घेऊन तडक कानाच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टरांनी तपासलं, कान ठणठणीत. मग बाईंना भेटलो तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो, तिला नाही, आम्हाला तिचं ऐकू येत नाही!”

तेव्हा हसून घरी आलो. हसू पुढे फार दिवस टिकलं नाही. त्याच वर्षी शाळा सुटल्यावर तिची रिक्षा तिला न घेताच निघून गेली. तासाभराने मी पोचलो तेव्हा ती वॉचमनच्या स्टुलावर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती. मी विचारलं, “काकांना हाक नाही का मारलीस?” ती म्हणाली, “मारली की. दोनदा मारली.” हे तिने ज्या आवाजात सांगितलं तो ऐकायला मला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागला. उद्या हिला खरंच कुणाला हाक मारायची वेळ आली तर? माझ्या पोरीला स्वतःचा आवाज नाही आणि तो आम्हीच काढून घेतलाय, एवढंच मला दिसत होतं.

कराटेच का, असं मला अजून लोक विचारतात. गाण्याचा क्लास लावता आला असता. खरं सांगायचं तर घरापासून सगळ्यात जवळ तोच वर्ग होता आणि सकाळी सहाला असल्यामुळे सुवर्णा ड्युटीवरून येईपर्यंत पोरगी गुंतून राहायची. मोठे निर्णय आपण फार विचार करून घेतो असं नंतर सांगतो, त्यातली ही गत.

शाळेचं पटांगण. एका कडेला कडुलिंब, त्याचा बारीक पांढरा फुलोरा रात्रभर गळून जमिनीवर पसरलेला. भिंतीपलीकडे यंत्रमागाचा कारखाना, त्याचा खडखडाट पहाटेपासून चालू. पोरांचे नवेकोरे पांढरे ड्रेस इतके ताठ की चालताना त्यांचाच आवाज व्हायचा. शिकवायला अंबादास सर. घर तेलुगू, पेशा विणकराचा, टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचे आणि ड्युटीच्या आधी हा वर्ग घ्यायचे. मागावर काम करणाऱ्या माणसाला हळू बोलणं ठाऊकच नसतं. सर कानात गुपित सांगायला लागले तर ते पुढच्या गल्लीत कळावं.

पहिल्या दिवशी सरांनी आकडे शिकवले. इची म्हणजे एक, नी म्हणजे दोन, सान म्हणजे तीन. तिथपर्यंत ठीक चाललं होतं. मग सर गरजले, “शी!”

झालं. पन्नास सोलापुरी पोरांसमोर एका मोठ्या माणसाने इतक्या जोरात ‘शी’ म्हटल्यावर दुसरं काय होणार? एका बारक्याने भाबडेपणाने हात वर करून विचारलं, “सर, कुणाला आली?” अख्खी रांग जमिनीवर लोळली. सरांनी पुन्हा सुरुवात केली. इची, नी, सान... आणि चौथा आकडा जवळ येतोय म्हटल्यावर पोरं आधीच तोंड दाबायला लागली. “काय हसलालाव बे?” सर ओरडले, पण त्यांचेच ओठ थरथरत होते. आठवडाभर हेच. जपानात चार म्हणतात ते सोलापुरात कुणाला सरळ तोंडाने म्हणता येईना.

आणि एका सकाळी आकडे बदलले. “ओकटी! रेंडू! मूडू! नालुगू!” सरांचा आवाज खणखणीत, आणि चौथ्याला कुणी हसेना. रांग एका तालात ठोसे मारत दहापर्यंत गेली. ऐदू, आरू, एडू, एनिमिदी, तोम्मिदी, पदी. मी कडुलिंबाखाली स्कूटरवर बसलो होतो. मला वाटलं, जपानीत मोजायच्या दोन पद्धती असणार. आपल्याकडे नाही का, एकवीस आणि विसावर एक.

सरांच्या वर्गात एक रीत होती. त्यांनी कुठून आणली ठाऊक नाही, पण माझ्या मते सगळा वर्ग तिच्यावर उभा होता. पाय फाकवून, गुडघे वाकवून, अदृश्य घोड्यावर बसल्यासारखं उभं राहायचं. तिला खरं भारदस्त जपानी नाव आहे, पण पोरं म्हणायची घोडा. घोड्यात मिनिटभर उभं राहून बघा, मांड्या पेटतात. पोरांनी घोड्यात उभं राहायचं आणि त्यांच्यातल्याच एकाने रांगेसमोर येऊन मोजायचं. आकडा ऐकू आला की ठोसा. नाही आला तर कुणी हलायचं नाही. मोजणारा थांबला की रांग थांबली. रोज पाच-सहा मोजणारे, पाळीपाळीने.

जुईची पाळी आली तो दिवस मला आठवतो, कारण त्या दिवशी नळाला पाणी येणार होतं आणि तरी मी घागरी सोडून आलो होतो. ती रांगेसमोर उभी राहिली. ओठ हलले. पहिल्या दोघांनी ठोसा मारला, बाकीचे तसेच. पुन्हा ओठ हलले. मधलं पोर कण्हलं, “अगं म्हण की!” सर रागावले नाहीत. हाताची घडी घालून म्हणाले, “जुई, बघ, सगळे तुझ्यासाठी उभारलेत. तू म्हटलीस की त्यांची सुटका हाय.” तिने मान वर करून पहिल्यांदा रांगेकडे नीट पाहिलं. त्या दिवशी ती तीनपर्यंत पोचली आणि सरांनी तिला जागेवर पाठवलं. दुसऱ्या पाळीला पाचपर्यंत.

मी स्कूटरवरून उतरलो नाही. आतून मात्र मला तिला उचलून घरी न्यावंसं वाटत होतं. पोरांच्या वर्गाबाहेर बसलेल्या आईबापांची ही खरी परीक्षा असते. पोर पडतं, पोर हरतं, आणि आपण स्कूटरच्या हँडलवर बोटं आवळून जागेवर बसून राहायचं. त्या उन्हाळ्यात ती पडायचं कसं ते शिकली. हनुवटी छातीला लावून, हात जमिनीवर आपटून, न रडता. ज्याने आपल्याला पाडलं त्याला वाकून नमस्कार करायचा, हेही शिकली. दुपारच्या जेवणात एका भाकरीच्या दोन झाल्या, शेंगाची चटणी डब्यातून संपायला लागली. चालताना तिची नजर जमिनीवरून उठून समोर आली. लोक म्हणतात, मारामारी शिकवून पोरं दांडगट होतात. नऊ वर्षांत जुईने एकाच माणसाला लाथ मारली. तो मी, आणि तेव्हा ती झोपेत होती.

मग एका सकाळी मला उशीर झाला. सुवर्णाने तिला सोडलं होतं, मी आणायला निघालो होतो. कोपऱ्यावर स्कूटर लावता लावता पटांगणातून आवाज आला, “ओकटी! रेंडू!” यंत्रमागाच्या खडखडाटावरून उडी मारून येणारा, थोडा चिरका, पण धारदार. मी मनात म्हटलं, कुणाची पोरगी आहे ही, फुप्फुसं चांगली आहेत. फाटकातून आत गेलो आणि बघतो तर आमची. तिच्या प्रत्येक आकड्याला पन्नास ठोसे एकदम सुटत होते. मी तिथेच फाटकाला धरून उभा राहिलो. रडलो म्हणालात तरी चालेल.

त्यानंतर मी जो सुटलो तो विचारू नका. ऑफिसात सांगितलं, दुधवाल्याला सांगितलं, भाड्याच्या घराच्या मालकांना जिन्यात अडवून सांगितलं की आमची मुलगी जपानीत मोजते. त्यातले अर्धे लोक गालात हसत होते, ते कौतुकाने, असं मी धरून चाललो. रविवारी एसटीने मंगळवेढ्याला गेलो आणि आप्पांसमोर, म्हणजे माझ्या वडिलांसमोर, तिला उभं केलं. आप्पा आधी नाराजच होते. “पोरीच्या जातीला मारामारी कशापायी रं? कुटं लढाईला धाडायची हाय तिला?” जुईने अंगणात घोडा घातला आणि एकापासून दहापर्यंत असे आकडे टाकले की गोठ्यातल्या शेळ्या उठून उभ्या राहिल्या. आप्पांनी आधी शेळ्यांना खाली बसवलं. मग म्हणाले, “आवाज मातूर लई भारी हाय. पन जपानी मानूस ह्ये बोलतोय व्हय? मला तर आपल्याच मुलकातलं वाटतंय.” मी त्यांना जगाबद्दल काय माहीत म्हणून सोडून दिलं.

जग मला पुढच्याच आठवड्यात मंडईत भेटलं. पाटीवर लिंबं घेऊन बसलेल्या मावशी एकेक लिंबू माझ्या पिशवीत टाकत होत्या आणि पुटपुटत होत्या. “ओकटी... रेंडू... मूडू... नालुगू...” माझे हात जागच्या जागी थांबले. आता हे सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता, की मावशीसुद्धा कराटे शिकल्या की काय! मी विचारलं, “मावशी, हे तुम्ही काय मोजताय?” त्या माझ्याकडे वेड्याकडे बघावं तशा बघत म्हणाल्या, “लिंबं की ओ.” “नाही, म्हणजे कुठल्या भाषेत?” “आमच्या तेलुगूत. का? कमी पडली का?”

लिंबं बरोबर होती. माझंच गणित पुरतं चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांना गाठलं. ते ओशाळले. “काय करू साहेब, पोरं शी म्हटलं की हसतेत, घोडा मोडतो. माझी आई टॉवेलच्या घड्या घालताना असंच मोजते, लहानपणापासून कानात हाय. एक दिवस तोंडातून तेच आलं आणि रांग सरळ चालली. मग म्हटलं ऱ्हाऊ दे.” पंधरा दिवसांवर पिवळ्या पट्ट्याची परीक्षा होती, बाहेरगावचे परीक्षक येणार होते. मी म्हटलं, “आणि परीक्षेत?” सर म्हणाले, “परीक्षेत परीक्षकच मोजतेत. पोरांना इची-नी कानाला माहीत हाय. काळजी करू नका.”

मी काळजी केली. जुईला सांगावं का, हा प्रश्न मी पंधरा दिवस घोळवत राहिलो. तुझं जपानी जपानी नाही, हे कळलं तर? आत्ता कुठे कोंब फुटावा तसा आवाज फुटला होता. आपण चुकीचं ओरडत होतो हे समजून तो पुन्हा आत गेला, तर परत कशाने बाहेर काढायचा? सुवर्णा म्हणाली, सांगून टाका. माझी जीभ उचलली नाही.

परीक्षा एका मंगल कार्यालयात होती. पत्र्याचं छत, वर पंखे गरम हवा ढवळत होते. परीक्षक उंच, कडक इस्त्रीचे, कमी बोलणारे. त्यांनी दोन तास एकेका गटासमोर आकडे मोजले. जुईच्या गटापर्यंत येईतो त्यांचा घसा बसला. त्यांनी पाण्याची बाटली उचलली आणि बोटाने रांगेतल्या सगळ्यात छोटीला खूण केली. “तू. समोर ये. तू मोज.”

भिंतीशी उभ्या असलेल्या अंबादास सरांचा चेहरा मी पाहिला. त्यांना तिथे बोलायची परवानगी नव्हती. मलाही नव्हती. वीस पोरं घोड्यात बसली.

“ओकटी!” वीस ठोसे. “रेंडू!” वीस ठोसे. “मूडू!”

परीक्षकांनी हात वर केला. “थांब. ही कुठली मोजणी?” पालकांच्या खुर्च्यांमधून हशा उठला. पहिल्यांदा एका बाजूने, मग सगळीकडून. मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो. जुई गप्प झाली होती. ती परीक्षकांकडे बघत नव्हती, आमच्याकडेही नाही. ती रांगेकडे बघत होती. सगळ्या पोरांचे गुडघे वाकलेले, एका बारक्याची मांडी लटलट कापत होती, घाम हनुवटीवरून सतरंजीवर पडत होता, आणि कुणी जागचं हललं नव्हतं. हशा अजून ओसरायचा होता, इतक्यात तिने श्वास घेतला.

“नालुगू!”

पत्रा दणाणला. वीस ठोसे एकदम. आणि मग ती थांबलीच नाही. ऐदू, आरू, एडू... दहापर्यंत पोचली तेव्हा कार्यालयात फक्त पंख्यांचा आवाज उरला होता. परीक्षकांनी बाटलीचं बूच लावलं. सरांकडे वळून म्हणाले, “मोजणी चुकीची आहे. रांग मात्र आज सकाळपासून एवढी सरळ बघितली नव्हती.” तिला पिवळा पट्टा मिळाला आणि प्रमाणपत्रावर शेरा, ‘मोजणी सुधारावी’. त्याला मी चौकट करून घेतली. कुठल्याही गुणपत्रिकेला एवढा मान मी दिलेला नाही.

त्या उन्हाळ्याने मला आणखी पुष्कळ दिलं, पण ते नंतर, हप्त्याहप्त्याने. गेल्याच महिन्यात एसटीत शेजारचा माणूस अंगावर रेलायला लागला तेव्हा दहावीतली जुई अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, “काका, सरकून बसा.” काका सरकले. मी मागच्या सीटवर होतो, मला उठावं लागलं नाही. हात उगारायची वेळच येऊ नये यासाठी जे शिकवलं जातं, तेच खरं शिक्षण. कराटेत ते लाथेच्या आधी शिकवतात, हे मला माझ्या मुलीकडून कळलं.

त्या दिवशी परीक्षेहून परतताना मात्र मला एवढं काही सुचत नव्हतं. ती स्कूटरवर पुढे उभी होती, गळ्यात पिवळा पट्टा. मला राहवलं नाही. मी अपराध्यासारखा म्हणालो, “जुई, एक सांगायचं राहिलं माझ्याकडून. ते आकडे जपानी नाहीत गं. ते तेलुगू आहेत.”

“हो की,” ती म्हणाली.

“तुला माहीत होतं?”

“वर्गातल्या पद्मानं पहिल्याच दिवशी सांगितलं. तिच्या घरी तेच बोलतात.”

“मग जपानीत का नाही म्हणालीस? विसरलीस?”

“येतं की मला. इची, नी, सान. पण चौथा आला की बारकी हसतात बाबा. परीक्षेत हसली असती तर सगळ्यांचा घोडा मोडला असता.”

मी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली. सात वर्षांची पोर, आणि एवढ्या हशात तिने हा हिशोब केला होता. ती बंद करून मी विचारलं, “आणि मला का नाही सांगितलंस? मी गावभर जपानी, जपानी करत फिरत होतो.”

ती मागे वळली. नऊ वर्षांत ती माझ्याशी हळू आवाजात बोलल्याचं मला तेवढंच एकदा आठवतं.

“तुम्ही किती खूश होता,” ती म्हणाली. “मग मी कशी सांगणार?”